कामगाराचा डबा आणि पावडरीचा डबा



गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातील एका पॉइंट्समन साथीच्या पायाचा अंगठा कापावा लागला. वय एक्कावन्न. नाव देत नाही, कारण माणूस मानी आहे आणि त्याला अजून नऊ वर्षे नोकरी करायची आहे. त्याला सहा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, साखर आटोक्यात होती. आठ महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या बंद केल्या आणि एका पावडरीचे महिन्याला दोन डबे घ्यायला सुरुवात केली. दोन डब्यांचे चार हजार चारशे रुपये. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले. पावडर विकणारा कोणी परका नव्हता. आपलाच एक निवृत्त साथी, साखळी पद्धतीच्या विक्रीत गुंतलेला. आणि लिहिताना लाज वाटते, पण लिहितो : ते डबे आमच्या युनियन ऑफिसच्या टेबलावर विकले गेले.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा खाटेजवळच्या स्टुलावर अर्धा भरलेला डबा तसाच होता. साथीने विचारले, "सेक्रेटरीसाहेब, चूक माझी की डब्याची?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा अग्रलेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

मी डॉक्टर नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. मलाही गेल्या तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु वाचून, डॉक्टरांना विचारून आणि सभासदांच्या घरी जाऊन जे समजले ते साथींपुढे ठेवणे हे कर्तव्य आहे, कारण हा प्रश्न आता घराघरात शिरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या वेशीवर उभे आहेत, आणि ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार एकदा जडले की सहसा पेन्शनपर्यंत आणि पुढेही सोबत करतात. रनिंग स्टाफच्या साथीला तर हे आजार थेट पगारात गाठतात. पीएमईत अडकला, मेडिकल डी-कॅट झाला, की गाडी सुटते आणि तिच्याबरोबर रनिंग अलाउन्सही सुटतो.

अशा भीतीवर धंदा उभा राहतो. कोणी प्रोटीनची पावडर आणतो, कोणी कारल्या-जांभळाचा रस, कोणी सत्तावीस जीवनसत्त्वांची एक गोळी. तेव्हा पहिला प्रश्न हाच की, या वरून घेतलेल्या पोषक द्रव्यांचा उपयोग असतो की नसतो?

उत्तर असे की, शरीरात एखादी गोष्ट खरोखर कमी असेल तर असतो आणि चांगलाच असतो. याचे एक थोर उदाहरण मुंबईच्या कामगार इतिहासातच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणारा एक घातक पंडुरोग त्यांनी अभ्यासायला घेतला. या बायांच्या जेवणात काय आहे आणि काय नाही हे त्यांनी पाहिले, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होतात असे १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे आज प्रत्येक गरोदर भगिनीला दिले जाणारे फॉलिक अॅसिड. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. गिरणी कामगार बायांच्या आजारपणातून जगाला मिळालेली ही गोळी काही पैशांची आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तिची जाहिरात कोणी करीत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या आजच्या घरातले. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते, भाजीपाल्यात नसते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ते कमी आढळले. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होऊ शकते. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, जे शाकाहारी आहेत आणि जे ही गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना सांगून बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. कमी निघाले तर गोळी किंवा इंजेक्शन अवश्य घ्यावे. याला पूरक पोषण म्हणतात : तपासणी, कमतरता, मग उपाय.

आता दुसरी बाजू. शरीरात काहीच कमी नसताना जास्तीचे घेतले तर आजार टळतात का? हे पाहण्यासाठी मोठमोठ्या चाचण्या झाल्या. गाजरात आणि हिरव्या भाज्यांत बीटा कॅरोटीन असते, आणि अशा भाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो. मग त्याची गोळीच दिली तर? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक लोकांवर अशीच चाचणी चालू होती. त्यांत धूम्रपान करणारे होते आणि अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसू लागल्यावर जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. पुढे ड जीवनसत्त्व आणि माशाचे तेल यांची २५ हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. २०१८ च्या निकालात कर्करोग आणि हृदयविकार या मुख्य आजारांत लक्षणीय घट दिसली नाही.

गाजर खाणाऱ्याला फायदा होतो आणि गाजराचे सत्त्व गिळणाऱ्याला होत नाही, हे कोडे वाटेल. पण गाजरासोबत चोथा येतो, इतर शेकडो द्रव्ये येतात, आणि मुख्य म्हणजे ताटातली भजी किंवा फरसाण तेवढ्या जागेपुरते बाहेर जाते. डब्यातल्या पावडरीने ताटातले काहीच बदलत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे अयोग्य आहारामुळे आहे, असा या संस्थेचा अंदाज आहे. याच संस्थेने अंग भरण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नका असेही सांगितले आहे. कायदाही यात मुका नाही. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. विकणारा साथी ती बारीक ओळ वाचून दाखवत नाही एवढेच. शिवाय अमुक औषधाने मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करण्याला १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने बंदी आहे.

मग आजार टाळण्याचा मार्ग काय? तो रोजच्या जेवणात आहे, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या वेशीवर असलेल्या ५३१ लोकांची तीन वर्षांची चाचणी केली. निकाल २००६ साली आला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना साखर, मैदा, तेलकट कमी करून चोथायुक्त अन्न वाढवायला आणि रोज अर्धा तास चालायला शिकवले, पुन्हा पुन्हा आठवण दिली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. औषधाच्या गोळीनेही जवळपास तेवढेच साधले. म्हणजे जेवण आणि चालणे मिळून गोळीच्या तोडीस तोड ठरले. सगळेच वाचले असे नव्हे, पण शंभरातले पंधरा-सोळा जण वाचले. एखाद्या डेपोत शंभर साथी असतील तर ते पंधरा-सोळा कोण, ते आजच सांगता येणार नाही. म्हणून काळजी सर्वांनीच घ्यायची.

आता भाकरीविषयी. आपल्यापैकी जे इटारसी, बिलासपूर, सिकंदराबाद, खरगपूर अशा ठिकाणी नोकरीला आहेत, त्यांच्या घरी गावाकडून ज्वारी-बाजरीचे पोते अजून येते. ते चालू ठेवावे. पण एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत आणि चाळून न टाकलेल्या गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो तीनही ग्रॅम नाही. म्हणजे खरी दरी भाकरी आणि चपाती यांत नसून, त्या दोघी एका बाजूला आणि पाव, खारी, बिस्किट दुसऱ्या बाजूला अशी आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, २०२५ साली परिषदेच्याच पाहणीतून पुढे आले की भारतीय माणसाला ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतूनच मिळतात. भात सोडून तेवढ्याच चपात्या किंवा भाकऱ्या खाल्ल्या तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा थोडा हिस्सा काढून त्या जागी डाळी, दूध-दही यांतली प्रथिने आणली की धोका उतरतो असे दिसले. साध्या भाषेत : चार भाकऱ्या आणि ठेचा याऐवजी दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर मेथी किंवा शेपू, आणि ताक.

हे सारे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी ही आपल्या आयांची पूरक पोषणेच होती. जवसात आणि बांगडा-तारलीसारख्या स्वस्त मासळीत हृदयाला उपकारक स्निग्धांश आहे. हरभरे, फुटाणे, मूठभर शेंगदाणे, पेरू, केळे, आवळा, अंडी यांना कोणी डब्यावर चकचकीत कागद लावून विकत नाही, पण काम तेच करतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला भाज्या व फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खा म्हणते. त्या पॉइंट्समन साथीच्या चार हजार चारशे रुपयांत घरातल्या चारही माणसांची भाजी, डाळ, अंडी महिनाभर निघाली असती. हा हिशोब वहिनींनीच मला करून दाखवला.

तीन शत्रू मात्र ओळखून ठेवावेत. पहिला चहातली साखर. रात्रपाळीला सहा कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर होते. पोषण संस्थेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास आहे. दुसरा मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा पुरे, आणि त्यातच लोणचे, पापड, फरसाण, वडापावची चटणी सारे धरायचे. १९९७ साली अमेरिकेत एक चाचणी झाली. भाज्या, फळे आणि कमी साईचे दूध-दही भरपूर देणाऱ्या जेवणाने, रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला. तिसरा शत्रू तंबाखू-गुटखा. तो अन्न नव्हे, पण भूक मारण्यासाठी आपण तो अन्नासारखा वापरतो.

'मी तर काटकुळा, मला काय होतंय' असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचे छायाचित्र २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि जगभर गाजले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण यडकिन यांच्या अंगात ९ टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. आपल्या लोकांची चरबी पोटात लपते. म्हणून वजनकाट्याबरोबर पोटाला फीत लावा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा.

इथवर वाचून प्रशासनातील कोणी म्हणेल, "बघा, तुमचे सेक्रेटरीच सांगतात, कामगार नीट खात नाही." थांबा. आमचे म्हणणे पुढे आहे.

रात्री दीडला लॉबीत साइन ऑन करणाऱ्या लोको पायलटने जेवायचे केव्हा? त्याच्या बॅगेतली भाजी उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबते. एकट्याने गेट सांभाळणाऱ्या गेटमनला बारा तासांत जेवणाची वेळ कोणती? कडक उन्हात सात-आठ किलोमीटर चालणाऱ्या ट्रॅकमनने डबा कुठे गरम करायचा? आरएमएसमध्ये रात्रभर टपाल वर्गीकरण करणाऱ्या साथीला पहाटे तीनला स्टेशनवर समोसा आणि गोड चहाशिवाय काय मिळते? रात्रपाळीचा शरीराच्या घड्याळावर होणारा परिणाम इतका गंभीर आहे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरले. अशा माणसाला 'भाज्या खा' असा फलक लॉबीत लावून देणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

काम आणि आजार यांचा संबंध नवा नाही. लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की, बसून गाडी चालवणाऱ्या बस ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि टपाल खात्यात टेबलाजवळ बसणाऱ्या कारकुनांपेक्षा चालत-सायकलवर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांना कमी होतो. फरक ड्युटीचा होता. जे चालण्याचे, तेच जेवणाचे. कामगाराचे ताट निम्मे घरात ठरते आणि निम्मे ड्युटीच्या तक्त्यावर.

म्हणून पुढील मागण्या प्रत्येक शाखेने ठराव करून पीएनएम बैठकीत आणि टपाल विभागातील संबंधित बैठकीत मांडाव्यात.

एक : प्रत्येक रनिंग रूममध्ये चोवीस तासांत कोणत्याही वेळी ताजे जेवण मिळावे. त्यात डाळ किंवा उसळ, पालेभाजी, दही-ताक आणि भाकरी-चपातीचा पर्याय रोज असावा.

दोन : कॅन्टीनचा हक्क कागदावर राहू नये. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगारांची अट होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती कंत्राटी कामगारांसह १०० वर आली आहे. संहितांना आमचा इतर अनेक मुद्द्यांवर विरोध आहे आणि राहील, परंतु जे कलम हातात आले आहे ते वापरलेच पाहिजे. आपल्या वर्कशॉपमध्ये, शेडमध्ये, टपालाच्या मोठ्या वर्गीकरण केंद्रात किती माणसे आहेत ते मोजा.

तीन : एकट्या माणसाच्या ड्युटीवर जेवणासाठी बदली माणूस द्यावा, आणि गँगला पिण्याचे पाणी, सावली व डबा गरम करण्याची सोय द्यावी.

चार : चाळिशीपुढील प्रत्येक साथीची साखर व रक्तदाब वर्षातून एकदा तपासावा. ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगारही यात आलेच पाहिजेत. तपासणीचा उद्देश माणूस वाचवणे हा असावा, त्याला खाली उतरवणे हा नव्हे. पीएमईच्या धास्तीने साथी आजार लपवतात आणि मग पावडरीच्या डब्याकडे वळतात, हे प्रशासनाने समजून घ्यावे.

मागण्या दुसऱ्यांकडे केल्या. आता स्वतःकडे. आपल्या शाखेच्या सभेला आपणच बटाटेवडा आणि साखरेचा चहा वाटतो. पुढच्या सभेपासून फुटाणे-शेंगदाणे, केळी आणि ताक ठेवावे. चहाची साखर वेगळी ठेवावी, ज्याला हवी त्याने घ्यावी. युनियन ऑफिसात कोणत्याही पावडरीची, रसाची, गोळीची विक्री होणार नाही असा निर्णय आमच्या विभागाने गेल्या महिन्यात एकमताने घेतला आहे. सर्व शाखांनी तो घ्यावा. निवृत्त साथींना पोटापाण्यासाठी विक्री करावी लागते हे आम्हाला कळते, त्यांच्या पेन्शनच्या प्रश्नावर आम्ही त्यांच्याबरोबर आहोत, पण सभासदाच्या औषधाच्या गोळ्या बंद करायला लावणारा धंदा आपल्या छपराखाली चालणार नाही. आणि ज्यांना औषधे चालू आहेत त्यांना हात जोडून विनंती : भाकरी, मेथी, जवस सारे खा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने आणि फळेसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्या.

तो पॉइंट्समन साथी आता कामावर परतला आहे, हलक्या ड्युटीवर. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला मागच्या आठवड्यात दिले. चूक डब्याची होती, कारण त्याने जे करता येत नाही ते सांगितले. थोडी तुझी होती, कारण तू विचारले नाहीस. आणि मोठी आमची होती, कारण तू ज्याला विचारायला हवे होतेस ते युनियनचे टेबलच आम्ही विक्रीला दिले होते. तो हसला आणि त्याने डबा उघडला. दोन भाकऱ्या, चवळीची उसळ, कांदा. वेळ दुपारचे पावणेचार. जेवायला सवड तेव्हाच मिळाली होती.

डब्यातले अन्न त्याने बदलले आहे. जेवणाची वेळ बदलणे हे आपले काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!